माठाला हात लावायचा नाही

सरांना शोधायचं तर कसं, हे मला कळत नाही. त्यांचं आडनाव मला माहीत नाही. आमच्या गोंदियाकडे कोणाचा पत्ता विचारला की समोरचा आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग कोणाच्या घरचे ते. मी पहिल्याच प्रश्नाला अडकते. मागच्या वर्षी सुट्टीत गेले तेव्हा त्यांच्या खोल्यांकडे जाऊन आले. समोर टायपिंगचं दुकान होतं, त्या जागी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

"कौन सर? सरनेम बताओ," दुकानदार म्हणाला.

"सरनेम नहीं मालूम."

"कितना टाइम पढ़े उनके पास?"

"डेढ़ साल."

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. दीड वर्ष एका माणसाकडे शिकून त्याचं आडनाव माहीत नसणं म्हणजे काय, हे गोंदियातल्या माणसाला समजावता येत नाही. मलाही ते तेव्हा समजत नव्हतं, आणि खरं सांगते, आजही पुरतं समजलेलं नाही.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीची. बी.एस्सी. झाले, कम्प्युटर सायन्स घेऊन, आणि आमच्या वस्तीत कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली मुलगी. हे मीच सांगते, दुसरं कोणी सांगायची वाट पाहत नाही. बाबा राईस मिलमध्ये धानाच्या बोऱ्या उचलायचे. आज मी नागपूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे, हाताखाली सहा पोरं आहेत, आणि त्यांच्यातलं कोणी प्रोग्राममध्ये सगळं उघडं टाकून ठेवलं की मी जे बोलते ते सरांचंच बोलणं असतं. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी त्यांच्याशी भांडले, तीच मी आता लोकांना शिकवते. हा काय प्रकार आहे, ते मी अजून शोधते आहे.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. कॉलेजात सी प्लस प्लस नावाला शिकवायचे. ज्याला खरंच पास व्हायचं तो सरांकडे जायचा. टायपिंगच्या दुकानामागे एक लहानसं अंगण, अंगणापलीकडे ओटा, ओट्यावरून आत गेलं की दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तीन कम्प्युटर, आतल्या खोलीत सरांचं राहणं. मधलं दार नेहमी बंद. दाराशेजारी भिंतीत एक खिडकी होती, तिला खाली फूटभर रुंद फळी. बाहेर पाटी होती, "येथे सी प्लस प्लस शिकविले जाईल." बस. कोण शिकवणार, ते पाटीवर नाही.

सरांची भाषाही अशी, की तिच्यावरून पत्ता लागत नसे. टायपिंगवाल्या काकांशी हिंदी, शिकवताना पुस्तकातली मराठी, आणि चिडले की आमच्यासारखी झाडीबोली. "का करून राहिली तू हे?" असं म्हणाले की वाटायचं, हे आमच्याकडचेच. पुढच्या वाक्याला पुन्हा पुस्तकी. हजेरी घ्यायचे तीही फक्त पहिल्या नावानं. एकदा राईस मिलवाल्याचा गुड्डू, जो माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचा, त्यानं सरळ विचारलं, "सर, आप का पूरा नाम क्या है?"

"क्या काम है पूरे नाम से?"

"ऐसे ही."

"तो ऐसे ही रहने दो. वो प्रायव्हेट है."

प्रायव्हेट हा त्यांचा लाडका शब्द. सी प्लस प्लसमध्ये क्लास म्हणून एक चीज असते. सोप्या भाषेत एक पेटी समजा. पेटीच्या आत काही माहिती असते आणि पेटीला काही कामं करता येतात. जे पब्लिक म्हणून लिहिलं त्याला बाहेरचं कोणीही हात लावू शकतं. जे प्रायव्हेट लिहिलं त्याला फक्त पेटीच हात लावणार, बाहेरच्यानं पेटीला काम सांगायचं आणि पेटी देईल ते घ्यायचं. सर म्हणायचे, "मागा, मिळेल. हात घालू नका." दीड वर्षात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही.

हे तर सगळेच मास्तर शिकवतात. सर तसे जगायचे. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, त्यावर ते शर्टाची बाही ओढून बटण लावत. किती वाजले विचारलं की बाहीच्या आत डोकावून सांगायचे. "दाखवा ना सर" म्हटलं तर नाही. "तुला वेळ पाहिजे की घड्याळ पाहिजे?" एक दिवस गुड्डूनं पैज लावून विचारलं. सरांनी मान वाकडी केली, बाहीत पाहिलं, म्हणाले, "चार वाजून दहा." बरोबर होतं. मग त्यांनी पहिल्यांदाच बाही वर केली. घड्याळ बंद पडलेलं, काटे साडेनऊवर. महिनाभरापासून बंद होतं. सर स्टेशनच्या भोंग्यावरून आणि समोरच्या भिंतीवरच्या उन्हावरून वेळ सांगत होते.

"आत काय आहे, त्याच्याशी तुम्हाला घेणं नाही," सर म्हणाले. "घड्याळ असो, ऊन असो. तुम्हाला वेळ मिळाली ना?"

कंपनीत आल्यावर मला लोकांनी हीच गोष्ट मोठमोठे शब्द वापरून शिकवली. मला ती त्या बंद घड्याळातच कळून गेली होती.

आता माठाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडतं.

माठ आतल्या खोलीत असायचा. उन्हाळ्यात लाईट गेली की पंखे बंद, आम्ही घामानं निथळायचो. पाणी पाहिजे असलं की खिडकीपाशी जाऊन म्हणायचं, "सर, पाणी." सर आत जायचे, दार लावून घ्यायचे, माठातून पेला भरायचे आणि खिडकीच्या फळीवर ठेवायचे. हातात द्यायचे नाहीत. फळीवर ठेवायचे, आपण उचलायचा, पिऊन पुन्हा फळीवर ठेवायचा. पहिल्याच दिवशी मी सवयीनं दाराला हात लावला, तर सर मोठ्यानं म्हणाले, "माठाला हात लावायचा नाही."

मी पाणी न पिता घरी आले.

आमच्या आज्यानं छप्पन्नच्या पुढच्या वर्षी धम्माची दीक्षा घेतली. त्याच्या आधीचं पाणी कसं असायचं, ते बाबांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. शेतमालकाच्या दारी ओंजळ धरायची, वरून कोणी धार सोडायची, भांड्याला बोट लागू द्यायचं नाही. म्हणून आमच्या घराचा एक कायदा होता. बाबा तो दर परीक्षेला, दर नव्या शाळेला सांगायचे, "जेथं पान्याले हात लावू देत नाई, तेथं बसाचं नाई. मंग तो केवढाही मोठा मास्तर असो."

मी घरी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून बाटली घेऊन जाऊ लागले. आईनं विचारलं, "पानी नाई का तेथं?" मी म्हटलं, "गरम राहते."

मग मी पुरावे गोळा करायला लागले. पेले सगळ्यांना सारखेच होते, माझा वेगळा नव्हता. गुड्डूला, जो मोठ्या घरचा, त्यालाही फळीवरूनच पाणी मिळायचं. घरमालकीण एकदा मठ्ठा घेऊन आल्या, त्यांनाही सरांनी दाराशीच थांबवलं. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस नुसता चक्रम आहे, जातीचा यात संबंध नाही. पण टायपिंगवाले काका दुपारी यायचे, दार उघडून सरळ आत जायचे, माठाचं झाकण वाजायचं, तोंड पुसत बाहेर यायचे. गुड्डूनं विचारलं, "सर, इनको कैसे?" सर फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाले, "वो फ्रेंड है."

सी प्लस प्लसमध्ये हेही असतं. क्लास स्वतः कोणाला फ्रेंड म्हणून लिहून ठेवू शकतो, मग त्या एकट्याला प्रायव्हेटला हात लावता येतो. आपण होऊन कोणाचं फ्रेंड होता येत नाही. ज्याची पेटी त्यानंच तसं म्हणावं लागतं. सगळे हसले, वहीत लिहून घेतलं. मी काकांचं आडनाव आठवत बसले. ते टायपिंगच्या पाटीवर होतं, वरच्या जातीचं. आणि ते आडनाव आठवून माझा सगळा हिशेब पुन्हा उलटा झाला.

परीक्षेला दीड महिना होता. शिकवणी सोडली तर तो विषय जातो, विषय गेला तर वर्ष जातं, आणि बाबा पुन्हा वर्षभर थांबतील की लग्नाचं काढतील ते सांगता येत नव्हतं. नाही सोडली तर मी रोज बाबांचा कायदा मोडून बसत होते. बाटली दुपारपर्यंत खरंच गरम व्हायची.

त्यातच सरांनी गृहपाठ दिला, "माठ नावाचा क्लास लिहा. पाण्याची पातळी आत. पाणी भरणं आणि पाणी देणं ही दोन कामं बाहेर."

मी घरी वहीवर लिहिला. पहिल्याच ओळीला पब्लिक. पातळी पब्लिक, झाकण पब्लिक, सगळं पब्लिक. पाणी देण्याचं काम लिहिलंच नाही. कशाला लिहायचं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझा प्रोग्राम सगळ्यांसमोर मशीनवर चालवला. वाचून पाहिला. खाली स्वतःची एकच ओळ लिहिली, पातळी बरोबर उणे पाचशे. चालवला. पडद्यावर आलं की माठात उणे पाचशे पेले पाणी आहे.

वर्ग हसला. गुड्डू म्हणाला, "इसके मटके में तो पानी का कर्जा है."

"चूक कुठं झाली?" सरांनी मला विचारलं.

"चूक नाही झाली, सर. मी मुद्दाम तसं ठेवलं. माझ्या माठाला कोणीही हात लावू शकतो."

"म्हणून तर उणे पाचशे झाले."

"झाले तर झाले. कोणाला दाराबाहेर तर नाही उभं ठेवलं."

हे म्हणताना माझा आवाज चढला होता. सर माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांना काय कळलं, काय नाही, हे मला त्यांच्या तोंडावरून वाचता आलं नाही. तेही प्रायव्हेटच होतं. मी बाटली घेतली, वही तिथंच राहिली, सायकल काढली आणि निघाले. रात्री बाबांना सगळं सांगितलं. दीड वर्ष लपवलं, तेही सांगितलं. बाबा रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "येवढे दिवस बसली तेथं." ते ऐकून मला जे झालं, ते रागावले असते तर झालं नसतं.

रविवारी सकाळी सर आमच्या दारात.

सायकल बाहेर लावलेली, बाही खाली बटणापर्यंत, हातात कागदाची गुंडाळी. दार सताड उघडं होतं तरी अंगणात उभे राहून विचारत होते, "आत येऊ का?" वस्तीतली दोन-तीन माणसं पाहायला थांबली. बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी सरांना बसायला जागा दिली आणि लगेच परीक्षा घेतली.

"उन्हातून आले, पानी घ्या. माठ आत आहे. आपल्या हातानं घ्या, आमच्या इथं कोनाले मनाई नाई."

सर उठले नाहीत. "नाही, माझ्या हातानं नको," ते म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे कळलं का तुले, असं.

"माठ तुमचा आहे," सर पुढं म्हणाले. "ताईंनी दिलं तर घेईन."

आईनं पेला भरून आणला. आमच्याकडे फळी वगैरे काही नाही, तिनं तो सरळ हातात दिला. सरांनी घेतला, तोंड लावून एका दमात प्यायले आणि म्हणाले, "अजून एक मिळेल का?"

आता ज्याला विटाळ पाळायचा तो माणूस असं करत नाही. बाबांना हे कळत होतं, आईला कळत होतं, मलाही. तरी आईला राहवलं नाही. दुसरा पेला देता देता तिनं विचारलंच, "सर, तुमचं आडनाव का जी?"

सर दुसरा पेला अर्धा प्यायले होते. तो तसाच हातात धरून म्हणाले, "ताई, पाणी दिलं तेव्हा नाही विचारलं तुम्ही. आता कायले विचारता?"

आई ओशाळली. बाबा पहिल्यांदा हसले, थोडेसेच. मग लगेच सावरून म्हणाले, "ते ठीक आहे. मंग पोरीले माठाले हात काऊन नाई लावू देत?"

"दादा, मी कोणालाच लावू देत नाही."

"कोनालेच नाई?"

सर खरं बोलणारे. "एक सोडून."

"तो कोन?"

"मित्र आहे."

"मंग आमची पोरगी का दुश्मन होय?"

सरांनी उरलेलं पाणी पिऊन पेला खाली ठेवला, बाहीचं बटण सोडलं, पुन्हा लावलं. म्हणाले, "विचार करतो." माझ्या हातात गुंडाळी दिली आणि गेले. गुंडाळीत माझाच प्रोग्राम छापलेला होता. त्यांनी एक अक्षर बदललं नव्हतं, पातळी पब्लिकच ठेवली होती. खाली लाल शाईनं लिहिलं होतं, "कोणालाही न अडवता हे उणे होण्यापासून कसं वाचवशील?"

ते गेल्यावर बाबांनी रिकामा पेला उचलून आईकडे दिला. "मानूस समजला नाई मले," ते म्हणाले. "पन प्यायला तर खरा. जायाचं का नाई ते तू ठरव."

सोमवारी मी गेले. लाल शाईचा प्रश्न सोडवायला गेले, असं मी स्वतःला सांगितलं. दुपारी लाईट गेली. सरांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि हळू आवाजात, जवळजवळ लाजत म्हणाले, "तू दारातून जा. आजपासून तूही फ्रेंड."

मला आत जायचं होतं. दीड वर्ष मला ते दार उघडून पाहायचं होतं. पण मी म्हटलं, "मी एकटी नाही जात, सर. सगळ्यांना असेल तर जाते."

"सगळे फ्रेंड केले तर मग प्रायव्हेटला अर्थ काय?"

"ते तुम्ही ठरवा."

पुढचे तीन दिवस सर शिकवताना मध्येच थांबायचे, खडू हातात धरून खिडकीकडे पाहायचे. गुड्डू मला म्हणाला, "तूने सर का सिस्टम हैंग कर दिया." चौथ्या दिवशी शिकवणीला आलो तर माठ ओट्यावर. खाली विटांची बैठक, वर झाकण, झाकणावर ओगराळं आणि एक पेला. सर दारात उभे. कोण काय करतं ते पाहत होते. मी पहिली गेले, ओगराळं बुडवलं, पेला भरून प्यायले. गार होतं. त्या दिवशी बाटली मी अंगणात ओतून दिली.

आठवडाभर सरांनी जे सोसलं ते मी पाहिलं आहे. कोणी झाकण उघडं ठेवायचं. कोणी ओगराळं जमिनीवर टाकायचं. टायपिंग शिकणारी पोरं यायची, अर्धा पेला पिऊन उरलेलं परत माठात ओतायची. सर आत बसून हे सगळं ऐकत असायचे, शिकवता शिकवता त्यांचा डोळा फडफडायचा. दहाव्या दिवशी गल्लीतली बकरी ओट्यावर चढली, उघड्या माठात तोंड घालायला गेली आणि माठ खाली. आम्ही धावत बाहेर आलो तेव्हा अंगणभर पाणी, आणि बकरी आरामात ते चाटत होती.

सरांनी सगळ्या खापऱ्या वेचल्या. आत आणून टेबलावर एकेक मांडल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

"पाहिलं?" ते म्हणाले. "हा पब्लिक माठ. मी काही केलं नाही, तुम्ही सगळ्यांनी सिद्ध केलं. माझ्या हातात होता तेव्हा चार उन्हाळे टिकला. लिहून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. मलाही मान्य करावं लागलं. मी मान खाली घालून माझ्या प्रोग्राममध्ये पातळी प्रायव्हेट केली, पाणी देण्याचं काम लिहिलं, उणे होऊ लागलं तर नाही म्हणायचं, तेही लिहिलं. प्रोग्राम बरोबर चालला. सरांनी बरोबरची खूण केली. परीक्षेत क्लासवरच प्रश्न आला आणि मी पास झाले, चांगली पास झाले. त्या लाल शाईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हाही लिहिता आलं नाही, अजूनही येत नाही.

पण हे नंतरचं. खापऱ्या टेबलावर मांडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिकवणीला गेले ती बाटली भरून घेऊन. मला वाटलं, आता खिडकी, फळी, सगळं पुन्हा सुरू. अंगणात पोचले तर सर विटा नीट लावत होते. शेजारी बाजारातून आणलेला नवा, लालभडक माठ. मी पाहत असतानाच त्यांनी तो उचलला आणि ओट्यावर, त्याच जागी ठेवला.

"सर," मी म्हटलं, "काल तर तुम्ही सिद्ध केलं."

"केलं."

"मग हा पुन्हा बाहेर काऊन?"

सरांनी झाकण ठेवलं, त्यावर पेला उपडा घातला, आणि बाहीचं बटण लावत आत जाता जाता म्हणाले, "ते प्रायव्हेट आहे."